साथीचा प्लॅन लिहितोय, नियम ढीगभर सुचतायत पण लोकं पाळणार कशी?

धांदरट (धागाकर्ता)

मंडळी मदत हवीये. आमच्या ऑफिसात दीडेकशे माणसं आहेत आणि वरून आदेश आलाय की पुढची साथ आली तर काय करायचं त्याचा लेखी प्लॅन हवा, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. मी डॉक्टर वगैरे काही नाही, अ‍ॅडमिन बघतो, म्हणून बहुतेक. कोविडच्या वेळची जुनी सर्क्युलरं काढून वाचली, त्यात सगळं आहे, मास्क, सहा फूट, सॅनिटायझर, दारात टेम्परेचर गन, लिफ्टमध्ये किती जण, टेबलं कधी पुसायची, दाराची मूठ कशी धरायची, कलमांवर कलमं. आणि मला पक्कं आठवतंय की सुरुवातीचे काही आठवडे गेले की त्यातलं निम्मंसुद्धा कोणी पाळत नव्हतं. मीटिंगमध्ये मास्क लावून शहाण्यासारखी बसलेली माणसं जेवायच्या खोलीत खांद्याला खांदा लावून तासभर गप्पा हाणायची. एक जण कुरियरची पाकिटं दोन दोन दिवस बाहेर ठेवायचा आणि त्याच्याच शेजारी बसणारा खोकत खोकत कामावर येऊन 'अ‍ॅलर्जी आहे हो' म्हणायचा.

तर नियम कोणते हवेत हा माझा प्रश्न नाही, ते कुठेही मिळतील. लोकं का पाळत नाहीत, आणि पाळावेत म्हणून आधीच काय लिहून ठेवता येईल? आमचे एक साहेब म्हणतायत दंड लावा. दुसरे म्हणतायत नीट घाबरवा, आपोआप पाळतील. मला दोन्ही पटत नाहीये, पण उलट काय बोलायचं तेही सुचत नाहीये.

---

तिरकस

सोप्पं आहे. प्लॅन लिहा, छान बाइंडिंग करा, कपाटात ठेवा. लोकं तशीच असतात. १९१८च्या फ्लूमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मास्कची सक्ती केली तर जानेवारी १९१९ मध्ये तिथे चक्क मास्कविरोधी लीग निघाली होती, सभा बिभा घेऊन. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं बरं का, म्हणजे त्याला दोष देऊन सुटायची सोय नाही. शंभर वर्षांत माणूस तोच आहे, फक्त मास्कचं कापड बदललं.

---

आकडेमोड

@तिरकस, अर्धवट सहमत. पण त्याच १९१८चा दुसरा भागही सांगा की. फिलाडेल्फियात २८ सप्टेंबर १९१८ ला युद्धकर्जासाठी भव्य परेड निघाली, शहरात फ्लू आलाय हे माहीत असून, दोनेक लाख लोक रस्त्यावर. काही दिवसांत हॉस्पिटलं ओसंडली. सेंट लुईसने ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच शाळा, थिएटरं, सभा बंद केल्या आणि तिथला मृत्यूंचा उच्चांक फिलाडेल्फियापेक्षा कितीतरी खाली राहिला. दोन्हीकडची माणसं सारखीच होती की. त्यामुळे 'लोकं तशीच असतात' म्हणून हात झटकता येत नाहीत, कोणी कधी काय ठरवलं याने फरक पडतो.

आता धागाकर्त्याच्या प्रश्नाकडे. माझं स्पष्ट मत, इतकी कलमं हाच तुमचा पहिला प्रॉब्लेम आहे. यादीत सगळं एकाच मापाने लिहिलं की लोक आपापल्या मनाने निवड करतात, आणि माणूस नेहमी ते निवडतो जे दिसायला ठळक आणि करायला सोपं. टेबल पुसणं सोपं, सॅनिटायझर चोळणं सोपं, ते केलं की मनाला वाटतं आपण काळजी घेतली. बंद खोलीतली तासाभराची मीटिंग रद्द करणं अवघड, म्हणून ती होते.

याचं सगळ्यात भयानक उदाहरण म्हणजे अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट काउंटीतली समूहगायनाची तालीम, १० मार्च २०२०. ६१ जण आले होते, सुमारे अडीच तास तालीम. ही बेपर्वा मंडळी अजिबात नव्हती, सॅनिटायझर ठेवलं होतं, मिठ्या आणि हस्तांदोलन टाळलं होतं, म्हणजे तेव्हा जे सांगितलं जात होतं ते केलं होतं. एका लक्षणं असलेल्या माणसापासून आणखी ५२ जणांना लागण झाली (३२ टेस्टने सिद्ध, २० संभाव्य), दोघं गेले. बंद खोली, बराच वेळ, मोठ्याने गाणं. पाळत होते, पण चुकीच्या धोक्यावरचे नियम पाळत होते.

म्हणून प्लॅनमध्ये साथ कशी पसरते त्याप्रमाणे दोन-तीनच मोठ्या गोष्टी ठेवा आणि बाकीच्या खाली, 'जमलं तर' म्हणून. आणि पुढची साथ श्वासावाटेच येईल असं गृहीत धरू नका, पाण्यातून येणाऱ्या आजाराला मास्क काय करणार. पहिलं कलमच असं असू द्या की 'प्रसाराचा मार्ग कळला की ही यादी बदलली जाईल'. कोविडमध्ये तो मार्ग कळूनही जुनी यादी तशीच चालू राहिली, पृष्ठभागांवरून धोका तुलनेने कमी आहे हे पुरेसं स्पष्ट झाल्यावरही लोक जिन्याचे कठडे फवारत होते.

टेम्परेचर गनबद्दल तर बोलायलाच नको. कोविडमध्ये माणूस लक्षणं यायच्या दोनेक दिवस आधीपासून दुसऱ्याला देऊ शकत होता, कित्येकांना ताप आलाच नाही, आणि ज्याला होता तो गोळी घेऊन यायचा. गन फक्त दाखवायला.

---

सिस्टर_रिटायर्ड

मी आयुष्य वॉर्डात काढलंय, बहुतेक इन्फेक्शन कंट्रोलमध्येच, त्यामुळे या विषयावर माझी टकळी चालू झाली की थांबत नाही, आधीच सांगते.

पहिली गोष्ट, 'सुशिक्षित असून पाळत नाहीत' असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. हात धुण्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त मागे लागावं लागतं ते डॉक्टरांच्याच. आणि हे आजचं नाही. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइसने प्रसूती वॉर्डात जाण्यापूर्वी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, बाळंतिणींचे मृत्यू धाडकन खाली आले, आकडे समोर होते, तरी पुष्कळ सहकाऱ्यांनी मानलं नाही. का? कारण मानायचं म्हणजे आजवर आपल्याच हातांनी या बायका मेल्या हे मान्य करायचं. आणि तो स्वतःही पुढे पुढे लोकांना पत्रातून खुनी बिनी म्हणायला लागला, मग तर कोण ऐकतंय. माणसाला आधी दोषी ठरवलं की तो पुरावा बघतच नाही, स्वतःचा बचाव करत बसतो. तुमच्या दंडवाल्या साहेबांना हे सांगा.

दुसरं, तो खोकत कामावर येणारा 'अ‍ॅलर्जी'वाला. तो बेजबाबदार आहे असं तुम्हाला वाटतंय ना, मला विचाराल तर आधी त्याची रजा शिल्लक होती का ते बघा. पगार कापला जाणार असेल, किंवा रजा टाकली की साहेबाचं तोंड वाकडं होणार असेल, तर माणूस येणारच हो, कितीही पोस्टर लावा. अमेरिकेत २०२० मध्ये तात्पुरती पगारी आजारपणाची रजा कायद्याने दिली, तेव्हा ज्या राज्यांतल्या लोकांना ती नव्याने मिळाली तिथे केसेस कमी झालेल्या अभ्यासात दिसल्या. हे काही लोकांच्या अकलेत एकदम भर पडली म्हणून झालं नाही, घरी राहणं परवडायला लागलं म्हणून झालं.

आणि सर्टिफिकेट मागू नका पहिल्या काही दिवसांसाठी, एक तर आजारी माणसाला दवाखान्याच्या रांगेत उभं करता, वर तिथली गर्दी वाढवता.

तिसरं घाबरवण्याबद्दल. घाबरवून काम होतं, पण थोडेच दिवस, आणि सोबत 'हे कर म्हणजे धोका कमी होईल' असं हातात काहीतरी दिलं तरच. नुसती भीती दिली तर माणूस एक तर कोलमडतो नाहीतर 'काही होत नाही, सगळं थोतांड आहे' म्हणून मोकळा होतो. एकाच घरात दोन्ही नमुने बघितलेत मी.

पश्चिम आफ्रिकेत २०१४ मध्ये इबोलाच्या वेळी काय झालं ते वाचा कोणीतरी. मृतदेहापासून भयंकर लागण होते, आणि तिकडे नातेवाईकांनी देह धुवून निरोप द्यायची पद्धत. सुरुवातीला पांढऱ्या सूटमधली माणसं यायची, बॅगेत घालून घेऊन जायची, घरच्यांना धड बघूही द्यायची नाहीत. परिणाम काय, लोक आजारी माणसं लपवायला लागले, रात्री गुपचूप दफन करायला लागले, म्हणजे धोका वाढला. मग त्या वर्षाच्या शेवटी शेवटी पद्धत बदलली, घरच्यांना लांब उभं राहून हजर राहू द्यायचं, धर्मगुरूंना प्रार्थना करू द्यायची, कुठे पुरायचं ते घरच्यांना विचारायचं. नियम वैद्यकीयदृष्ट्या तेवढाच कडक होता, देहाला हात लावायचा नाही म्हणजे नाही. पण लोकांना जे सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं त्याला जागा ठेवली, तेव्हा लोक स्वतः फोन करून टीमला बोलवायला लागले.

तुमच्या ऑफिसात एवढं टोकाचं काही नसणार, पण जेवायच्या खोलीतल्या गप्पा ही तुमच्या माणसांची गरज आहे हे धरून चाला. ती बंद करू नका, बाहेर मोकळ्यावर हलवा.

---

खिडकीवाला

एवढे मोठे प्रतिसाद आले आणि कोणी हवेबद्दल बोलेना म्हणून लिहितोय (व्हेंटिलेशनची कामं करतो, त्यामुळे हातोडीवाल्याला सगळीकडे खिळेच दिसतात असं म्हणायचं असेल तर म्हणा).

माझं म्हणणं, लोकांच्या वागण्यावर कमीत कमी अवलंबून राहा. मास्क रोज दीडशे लोकांना रोज आठवणीने नीट लावावा लागतो. खिडकी एकाने उघडली की सगळ्यांचं काम होतं, फिल्टर एकदा बसवला की तो कंटाळत नाही आणि त्याला कोणी व्हिडिओ पाठवून भडकवत पण नाही.

एक कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या. बाहेरच्या हवेत तो साधारण चारशेच्या थोडं वर पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) असतो. आपण उच्छ्वास टाकतो त्यात अंदाजे चार टक्के, म्हणजे चाळीस हजार पीपीएम. आता खोलीत मीटर आठशे दाखवतोय याचा अर्थ बाहेरच्यापेक्षा चारशे जास्त, म्हणजे तुम्ही जी हवा आत घेताय त्यातला साधारण शंभरावा भाग कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेला आहे. दोन हजार दाखवला तर चार टक्के, म्हणजे प्रत्येक पंचविसावा श्वास उसना! हे वाक्य मीटिंग रूमच्या दारावर लावा, मास्कच्या पोस्टरपेक्षा जास्त चालेल. आकडा डोळ्यासमोर चढताना दिसला की लोक न सांगता उठून खिडकी उघडतात, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय.

एक सावधानता, खोलीत एअर प्युरिफायर चालू असेल तर तो विषाणूचे कण गाळतो पण कार्बन डायऑक्साइड नाही गाळत, त्यामुळे आकडा जास्त दिसला तरी हवा तितकी वाईट नसेल. आणि उलट, मोठ्या हॉलमध्ये दोनच माणसं असतील तर आकडा कमी दिसणार, पण त्यातला एक आजारी असेल आणि तुम्ही त्याच्या तोंडासमोर उभे असाल तर मीटर काय करणार.

---

तिरकस

'प्रत्येक पंचविसावा श्वास उसना' हे वाचून मी आत्ता उठून खिडकी उघडली. घाबरवून काम होत नाही म्हणणारे कुठे गेले? :)

---

सिस्टर_रिटायर्ड

@तिरकस अहो खिडकी होती म्हणून उघडलीत ना. तेच तर म्हणतेय.

---

धांदरट

बाप रे, एका दिवसात एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रजेचा मुद्दा लगेच लिहिला, अकाउंट्सवाले आडवे येणार पण बघू. हवेचं पण घेतोय.

दोन शंका राहिल्या. एक, मास्क लावला किंवा लस घेतली की लोकं जास्तच बिनधास्त होतात, असं आमच्या एका साहेबांचं म्हणणं आहे, म्हणजे सुरक्षितता दिली की तेवढाच धोका ते दुसरीकडून ओढवून घेतात. यात तथ्य आहे का? दोन, नियम ढिले कधी करायचे. गेल्या वेळी खरी भांडणं त्यावरच झाली, 'काही झालं नाही, उगाच एवढं केलं' म्हणणारे आणि 'केलं म्हणूनच झालं नाही' म्हणणारे, आणि दोघांनाही सिद्ध काहीच करता येत नव्हतं.

---

आकडेमोड

पहिली शंका जुनी आहे. १९७५ मध्ये सॅम पेल्ट्झमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने गाड्यांच्या सुरक्षानियमांबद्दल हेच म्हटलं होतं, सीटबेल्ट दिला की ड्रायव्हर बेफाम चालवणार. पुढे काय दिसलं, सीटबेल्टने जीव वाचले ते वाचलेच. मास्कबद्दलही सुरुवातीला हीच भीती घातली गेली की लोक हात धुणं सोडतील, तिला भक्कम पुरावा काही मिळाला नाही. थोडीफार ढिलाई येत असेल, पण त्या कारणाने उपायच द्यायचा नाही हे उलटं झालं.

माझ्या मते खरी ढिलाई दुसरीकडून येते आणि तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही, ती म्हणजे ओळख. अनोळखी माणूस शिंकला की आपण चार पावलं मागे सरकतो आणि रोजचा मित्र शिंकला की 'काय रे, बरं नाही का' म्हणून जवळ जातो. ओळखीचा माणूस सुरक्षित वाटतो, विषाणूला ओळख कुठे कळते. तुमच्याकडे मीटिंगमध्ये मास्क आणि जेवताना गप्पा हे त्यामुळेच, मीटिंग परक्यांबरोबर, जेवण आपल्यांबरोबर. हे चुकूनही 'निष्काळजीपणा' म्हणून लिहू नका प्लॅनमध्ये. 'जिथे सगळ्यात निवांत वाटतं तिथे हवा सगळ्यात चांगली ठेवा' असं लिहा, खिडकीवाल्यांना ते पटेल.

दुसऱ्या शंकेवर, जेफ्री रोज नावाचे ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ होते, त्यांनी ऐंशीच्या दशकात एक गोष्ट नेमकी मांडली, की ज्या उपायाने सगळ्या समाजाचा मोठा फायदा होतो त्यातून एकेकट्या माणसाच्या पदरात फारसं काही पडत नाही. त्यामुळे एकेकट्याला 'तुझाच फायदा आहे' असं सांगत राहिलात तर तो लवकरच हिशोब करून बघणार आणि म्हणणार की मला तर काही दिसला नाही. त्याऐवजी खरं काय ते सांगा, तुझा धोका थोडा कमी होईल, पण तुझ्या शेजारी बसणाऱ्या केमो चालू असलेल्या बाईचा बराच कमी होईल.

आणि ढिले कधी करायचे ते साथ यायच्या आधीच लिहा. आत्ता, डोकी थंड असताना. कडक, मध्यम, साधं अशा तीन पायऱ्या, आणि कशावरून वर जायचं, कशावरून खाली यायचं ते आधी ठरलेलं, कोणा साहेबाच्या मूडवर नाही. प्रत्येक नियमाला शेवटची तारीख टाका, त्या तारखेला पुन्हा बघायचं, गरज असेल तर वाढवायचा नाहीतर आपोआप गेला. सेंट लुईसनेही नोव्हेंबरच्या मध्यात नियम सैल केले आणि पुन्हा केसेस वाढल्या, मग पुन्हा आवळावं लागलं. म्हणजे एकदा उठवलं की संपलं असं नसतं, आणि पुन्हा लावणं म्हणजे आधीचा निर्णय चुकला असंही नसतं, पण हे आधी सांगितलेलं नसेल तर लोकांना ती फसवणूक वाटते.

---

जुनाजाणता

उशिरा आलो धाग्यावर, बाकीच्यांनी छान लिहिलंय. मी एकच भर घालतो, साहेब लोकांबद्दल.

ब्रिटनमध्ये मे २०२० ला बातमी फुटली की पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज लॉकडाऊनमध्ये लंडनहून थेट डरहॅमला गाडी घेऊन गेले होते. नियम मोडलाच नाही वगैरे खुलासे झाले. पण नंतर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की साथ हाताळण्याबाबत सरकारवरचा विश्वास इंग्लंडमध्ये त्यानंतर घसरला, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तशी घसरण नव्हती. एका माणसाचा एक प्रवास.

त्यामुळे दंडवाल्या साहेबांना विचारा, तुमची केबिन बंद, आत चार जण, मास्क हनुवटीवर, हे दिसलं तर दंड कोण वसूल करणार? मी काम करायचो तिथे केबिनवाल्यांना एक आणि हॉलमधल्यांना एक असे सरळ दोन नियम होते, लिहिलेले नव्हते पण होते, आणि हॉलमध्ये आठवडाभरात सगळ्यांना कळलं की हे फक्त आपल्यासाठी आहे. मग पाळणं हा मूर्खपणा वाटायला लागतो. माणूस पोस्टर बघत नाही, आजूबाजूचे काय करतायत ते बघतो, आणि सगळ्यात आधी वरचा काय करतोय ते.

---

खिडकीवाला

+१. आणि धांदरट, केबिनमध्ये पण मीटर लावा, तिथेच सगळ्यात जास्त आकडा येतो.

---

धांदरट

लावतो :) दंडाचं कलम काढलं. केबिनचं कसं लिहायचं ते बघतोय, नोकरी टिकवून.

आता एक शेवटचं. कोणी पॉझिटिव्ह आलं की गेल्या वेळी नावासकट ग्रुपवर मेसेज जायचा, 'अमुक यांच्या संपर्कात आलेल्यांनी काळजी घ्यावी'. तेव्हा बरोबरच वाटत होतं सगळ्यांना. ते ठेवू का?

---

सिस्टर_रिटायर्ड

अजिबात ठेवू नका. पहिल्या माणसाचं नाव ग्रुपवर गेलं की दुसरा टेस्टच करत नाही, आणि तिसरा करतो पण सांगत नाही. नंतर महिनाभर त्याच्या खुर्चीवर कोणी बसत नाही ते वेगळंच.

नाव फक्त एकाच माणसाला कळायला हवं, तो कोण ते प्लॅनमध्ये आधीच लिहा, आणि तो त्या आजाऱ्याचा साहेब नसावा. त्याने आजाऱ्याला विचारायचं की गेल्या दोन-तीन दिवसांत कुठल्या खोलीत कोणाबरोबर किती वेळ होतात, आणि मग त्या लोकांना एकेकट्याने फोन करायचा, 'तुम्ही मंगळवारी ज्या खोलीत होतात तिथे एक केस होती, टेस्ट करा, उद्यापासून घरून काम करा, रजा कापली जाणार नाही'. ते शेवटचं वाक्य विसरू नका. लोक अंदाज लावतीलच कोण ते, लावू देत, पण तुमच्या तोंडून जायला नको. आणि पहिला फोन त्या आजाऱ्यालाच पुन्हा करायचा, संध्याकाळी, कसं वाटतंय विचारायला, आणि घरात एकटाच असेल तर औषधं पोचतायत का ते बघायला. हे कोण करणार त्याचंही नाव लिहा, नाहीतर सगळे म्हणणार दुसऱ्याने केला असेल.